अजून मास्क लावता म्हणे? कारण कळवावे

सुमुख सोसायटी, दुसरा मजला,
डोंबिवली (पूर्व).
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कांस,

गुरुदत्तचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे तूर्त आठापैकी सहाच अंगांनी, उरलेली दोन मनानं टेकली आहेत असं समजावं).

कराडला थंडी पडली असेल. कानाला बांधत जा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं असं अनिमेष म्हणाला होता, पण डॉक्टर सगळ्यांनाच उत्तम झालं म्हणून सांगतात, त्यामुळे माझा विश्वास नव्हता. आता बसला. माझ्या मागच्या पत्रातल्या सात चुका तुम्ही लाल पेनानं दुरुस्त करून ते पत्र मला परत पाठवलंत. त्याच्या आधीच्या पत्रात तुम्हांला पाचच सापडल्या होत्या. म्हणजे नजर सुधारली आहे, किंवा माझं मराठी बिघडलं आहे, दोन्ही असेल. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी तुमच्यातल्या मुख्याध्यापकबाई काही रजेवर जात नाहीत. आणि पत्राच्या तळाशी, समासात, तुम्ही लाल शाईत लिहिलं आहेत: 'गुरुदत्तराव, अजून मास्क लावता म्हणे? कारण कळवावे.' ते वाचून मी खुर्चीत उगाचच ताठ बसलो.

अनिमेषनं दिवाळीत तुमच्याकडे येऊन चकल्या खाल्ल्या आणि बापाची चुगली केली, हे उघड आहे. पोरगा अडतीस वर्षांचा झाला, ठाण्यात स्वतःचं घर केलं, रुचितासारखी त्याच्यापेक्षा हुशार बायको मिळाली, पण मावशी समोर दिसली की याच्या पोटात काही राहत नाही. असो. तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं नाही, असं आपल्यात कधी झालेलं नाही (लग्नाआधी मी सिगारेट ओढत होतो का, हा एक प्रश्न सोडून). फोन केला असता, पण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुम्ही ऐकून घेत नाही. शिवाय हे प्रकरण लेखीच व्हायला हवं.

लेखीच का, त्यासाठी आधी जगनची गोष्ट सांगावी लागेल. मी वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली हे तुम्हांला माहीत आहे. आमच्याकडे एक पद्धत होती. मशीनवर कुणाचं काम अर्धवट असलं की त्यानं लाल कार्ड लटकवायचं, त्यावर नाव लिहायचं. ते कार्ड ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, नाहीतर त्याच्या वरिष्ठानं लेखी रद्द करायचं. तिसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना. एकदा जगन नावाच्या फिटरनं कार्ड लावलं, 'मी येईपर्यंत हात लावू नये', आणि चहाला गेला. गेटवर त्याला निरोप मिळाला की बायको बाळंत झाली, तसा तो तिथूनच संगमेश्वरला गेला. बारा दिवस मशीन बंद! फोरमन सुट्टीवर. मालक स्वतः येऊन माझ्यासमोर नाचले, पण मी कार्ड काढू दिलं नाही. नियम म्हणजे नियम. तेराव्या दिवशी फोरमन आले, त्यांनी कार्डावर 'रद्द' लिहून सही-तारीख टाकली, आणि मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. त्याला काही झालंच नव्हतं. जगननं त्यावर जेवणाचा डबा ठेवला होता, तो कुणी खाऊ नये म्हणून कार्ड लावलं होतं. (डब्याचं काय झालं ते विचारू नका. त्या कोपऱ्यात पुढं महिनाभर कुणी गेलं नाही.) आता हा जगन इथं कशाला आला ते पत्र संपेपर्यंत मला आठवेल.

तर हो. लावतो. महामारी संपली, लोकांनी मास्क काढले, दंडाच्या पावत्या बंद झाल्या, फोन लावला की आधी खोकून मग उपदेश करायचा तो आवाजही गप्प झाला, या सगळ्याला आता जमाना झाला. मी मात्र घराबाहेर पाऊल टाकताना चष्मा, किल्ली, मास्क या क्रमानं खिसे चाचपतो. आणि कारण म्हणाल, तर माझ्याकडे कारणांना तोटा नाही. शेजारच्या परशुरामला मी धूळ सांगितली आहे. (ती खोटी नाही. आमचा रस्ता काँक्रीटचा होतोय. एक बाजू झाली की दुसरी खणतात, आणि दुसरी झाली की पहिलीत काहीतरी राहिलेलं आठवतं.) केस कापणाऱ्याला दात सांगितले आहेत. दाताच्या डॉक्टरांना सायनस सांगितला आहे, आणि त्यांनी दात बघायला मास्क काढायला सांगितल्यावर दात दुखायचा थांबला असं सांगून आलो आहे. नात श्रियाला सांगितलंय की आजोबांचं तोंड धुवायला टाकलंय. भानगड अशी की डोंबिवली एवढी पसरली तरी पिठाच्या गिरणीवर सगळे भेटतातच. परशुराम आणि केस कापणारा तिथं भेटले, त्यांनी आपापली कारणं ताडून पाहिली, आणि परशुराम तसाच पिठाचा डबा घेऊन माझ्या दारात आला. त्यानं रेल्वेत चाळीस वर्षं तिकिटं तपासली आहेत. खोटं बोललेलं त्याला वासावरून कळतं.

मास्कचे फायदेही आहेत, नाही असं नाही. नावडती माणसं ओळखत नाहीत, आवडती ओळखतात. दाढी रविवारीच करतो (नीला होती तेव्हा रोज करावी लागे, खुंट वाढवून चार लोकांत बसलेलं तिला खपत नसे). आणि मास्क तरी साधा आहे का? अक्का, आज एक कबुली देऊन टाकतो. आमच्या वास्तुशांतीला तुम्ही मोठमोठ्या सूर्यफुलांचे पडदे दिले होतेत. पडदे कुठं गेले असं तुम्ही मागं विचारलंत तेव्हा आम्ही धुवायला दिलेत म्हणालो. ते धुवायला दिले नव्हते. पहिल्या लॉकडाउनमध्ये दुकानात मास्क मिळेनात, तेव्हा नीलानं हॉलचे पडदे उतरवले, मशीनवर बसली आणि एका बैठकीत बारा मास्क शिवले. फुलं मोठी, मास्क लहान, त्यामुळे कुणाच्या वाट्याला पाकळ्या आल्या, कुणाच्या देठ. एकावरच अख्खं फूल मधोमध आलं, ते तिनं मला दिलं. बारांतले आता दोन उरलेत, देठाचा आणि फुलाचा. देठाचा रोजचा, फुलाचा सणावाराचा. म्हणजे गेली पाच वर्षं मी तुमचे पडदे तोंडाला लावून हिंडतोय. डोंबिवलीत याहून जास्त कुणी तुमची आठवण काढत असेल असं वाटत नाही.

तर परशुराम. पिठाचा डबा खाली न ठेवताच तो म्हणाला, "गुरुदत्त, आख्ख्या डोंबिवलीत आता तू एकटाच राहिलायस. लोक हसतात रे!" मी म्हटलं, एकटा कसा, खूप लावतात. तो म्हणाला, दाखव. त्यातून पैज लागली. शनिवारी संध्याकाळी फडके रोडवर बसायचं आणि येणारी-जाणारी एक हजार माणसं मोजायची. दहापेक्षा कमी मास्क निघाले तर मी माझा काढायचा. दहापेक्षा जास्त निघाले तर परशुरामनं महिनाभर माझा देठाचा मास्क लावायचा. ही असली पैज लावायला माणूस निवृत्तच असावा लागतो. एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बैठक मारली, परशुरामनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारायला घेतल्या, आणि पहिल्या दोनशे माणसांत एकही मास्क निघाला नाही. मी चष्मा पुसून परत लावला.

मग हनुवटीवर मास्क ओढलेले एक गृहस्थ आले. परशुराम म्हणाला, हा विनातिकीट. मी म्हटलं, तिकीट आहे, फक्त दाखवत नाहीये. शेवटी अर्धा धरला. स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं डोकं ओढणीत गुंडाळून जात होत्या. त्या धरल्या असत्या तर मी शंभरातच जिंकलो असतो, पण परशुराम म्हणाला, या महामारीच्या आधीपासून अशाच आहेत, आणि ते खरं होतं. पाणीपुरीवाल्याच्या हनुवटीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी होती, तिच्यावरून दहा मिनिटं भांडण झालं आणि तेवढ्यात मोजायची शंभर माणसं निसटली (त्यांच्या जागी पुढची शंभर धरली). एका मोटारसायकलच्या आरशाला मास्क लटकत होता. मी आशेनं बघितलं. परशुराम म्हणाला, आरसा माणूस नाही. रंगाच्या दुकानातून पांढरा झालेला एक कारागीर मास्क लावून आला, तो पूर्ण धरला. दुसरा एक हनुवटीवाला आला, त्याचा अर्धा आधीच्या अर्ध्याला जोडला. मग एक तरुण बाई आपल्या वडिलांचा हात धरून आली, दोघांच्या तोंडाला मास्क, बाईच्या काखेत इस्पितळाची फाइल. वडील दर चार पावलांनी थांबत होते. त्या दोघांच्या रेघा परशुरामनं न भांडता मारल्या.

असे एकेक जमत नऊशे नव्वद माणसं झाली तेव्हा माझे नऊ होते. परशुराम खुशीत आला, रेघा मारताना गुणगुणायला लागला. नऊशे शहाण्णव. नऊशे सत्त्याण्णव. आणि भाजीच्या पिशवीतून मेथी डोकावतेय अशा एक बाई पांढराशुभ्र मास्क लावून, अगदी नाकावर चिमटा दाबून, समोरून चालत आल्या. दहा! मी टाळीच वाजवली. पुढचे दोघं मोकळ्या तोंडानं गेले आणि हजार झाले. आता दहा म्हणजे दहापेक्षा कमीही नाही आणि जास्तही नाही. हा विचार पैज लावताना कुणीच केला नव्हता. परशुराम चिडला, उठला, आणि सरळ त्या बाईंना गाठून, तिकीट विचारावं तसं, मास्क का लावलाय म्हणून विचारलं. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण बाई थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सर्दी झालीय हो. ज्येष्ठ नागरिक संघात मला रोज बसावं लागतं, तिथं सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांना कशाला द्यायची? गुरुवारी काढणार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मास्कवरचं फूल छान आहे." (शनिवार असूनही मी सणाचा लावला होता. पैजेसाठी.)

अक्का, इतरांना यात काही विशेष वाटणार नाही, पण मी घरी येईपर्यंत त्या गुरुवारचाच विचार करत होतो. सर्दी झाली, लावला; बरी झाली, काढला. एवढं सोपं असतं हे! मास्क लावायला कारण असतं हे मला माहीत होतं, पण काढायला वार असतो, हे मी पार विसरलो होतो.

त्याच गुरुवारी मला संघात जायचंच होतं. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. मागच्या वर्षीपर्यंत अंगठा टेकून मी जिवंत ठरत होतो. पण चौतीस वर्षं लोखंड हाताळून माझ्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेल्यात आणि यंदा यंत्रानं तीनदा मला ओळखायला नकार दिला. मग उपाय एकच, मोबाइलसमोर चेहरा धरायचा. संघात ते मोफत करून देतात. तिथं टेबलाशी एक बाई मोबाइल घेऊन बसल्या होत्या. गोल चेहरा, हसल्या की गालाला खळी. मी त्यांना म्हटलं, इथं एक मास्कवाल्या बाई असतात, त्या आल्यात का? त्यांच्याकडूनच करून घेईन म्हणतो. बाईंनी विचारलं, त्यांच्याकडूनच का? आणि अक्का, मी मूर्खानं सांगितलं. म्हटलं, फार समजूतदार बाई आहेत, नुसत्या डोळ्यांवरून कळतं, आजकाल दुसऱ्याला सर्दी होऊ नये म्हणून जपणारं कोण भेटतं? पाच मिनिटं बोललो. मेथीच्या जुडीचंसुद्धा कौतुक केलं. परशुराम मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता आणि त्यानं मला एका शब्दानं थांबवलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "मीच ती. हेमा. आज गुरुवार आहे ना!"

माझे कान लाल झाले ते मास्कमुळे उलट जास्तच दिसले असणार. हेमाताईंनी मात्र काही झालंच नाही अशा थाटात मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, मास्क काढा आणि डोळे मिचकावा. डोळे मी मिचकावले. हात कानापर्यंत नेला, दोरीला बोट लावलं, आणि पुढं तो हात काही केल्या हलेना. मागं रांग, समोर मोबाइल. हेमाताई म्हणाल्या, "सावकाश, घाई नाही." मी म्हटलं, घरी गॅसवर दूध ठेवून आलोय! आणि भर दुपारी तिथून पळालो. सहासष्टाव्या वर्षी, या गुडघ्यांनी. परशुराम मागून ओरडत होता, "अरे, दूध मी बंद केलंय तुझं!" (हेही खोटं. दूध नव्हतंच. पण मित्रानं माझ्यासाठी एवढं तरी केलं.) मागाहून हेमाताईंनी त्याच्याकडून निरोप धाडला, की मुदत तीस तारखेपर्यंत आहे, दाखल्याचं काम दर गुरुवारी असतं, आणि मला वाटेल तेव्हा यावं. म्हणजे उद्याचा धरून माझ्या हाती दोन गुरुवार आहेत. सत्तावीसचा शेवटचा. तोही चुकला की पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद, कारण कागदोपत्री मी नसेन.

यावर कळस म्हणजे रविवारी ठाण्याला गेलो, तेव्हा श्रियानं शाळेसाठी काढलेलं 'माझं कुटुंब' दाखवलं. आई, बाबा, सगळ्यांना केळ्याएवढी हसरी तोंडं. भिंतीवरच्या फोटोतल्या आजीलासुद्धा तोंड. आणि मला तोंडाच्या जागी भलंमोठं पिवळं फूल. अनिमेष आणि रुचिता हसले, मीही हसलो. त्यांच्याकडे मी जेवतो ते गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून. हवा खायची सवय आहे, असं त्यांना सांगून ठेवलंय. त्या दिवशी पोर माझ्या मागोमाग गॅलरीत आली, दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं तोंड अजून वाळलं नाही का?"

मी मास्क वर ओढला आणि ताट तसंच आत नेऊन ठेवलं.

असो. फार लांबलं. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लोक अजून मास्क लावतात का? हजारात दहा. मी लावतो का? लावतो. कारण: धूळ. बाकी इकडे सगळं क्षेम आहे. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत, पायरी बघून उतरावी. या पत्रात तुमच्या लाल पेनाला भरपूर काम मिळेल अशी व्यवस्था केली आहे.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द तोलून वापरला आहे),
गुरुदत्त

ता. क. धूळ हे कारण खोटं आहे. तुम्ही लाल पेन उचलायच्या आत मीच खोडतो.

खरं कारण तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. चार वर्षांमागं एप्रिलमध्ये नीलाला न्यायला गाडी आली. दुपारची वेळ. सोबत कुणालाही येऊ देत नव्हते. जिन्याखाली ती वळली. श्वास पुरत नव्हता, तरी मला तीन गोष्टी सांगितल्या. दूध गॅसवर आहे. अनिमेषला आज सांगू नका, बाळ तीन महिन्यांचं आहे. आणि, "मी येईपर्यंत चार माणसांत मास्क काढायचा नाही. कळलं?" मी हो म्हटलं. दूध बंद केलं. अनिमेषला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसरं काम राहिलं. ती आलीच नाही, अक्का.

सगळ्यांना वाटतं मी आजाराला भितो. आता मला कसली भीती? तिनं शेवटचं सांगितलेलं असं माझ्याकडे हे एकच काम उरलंय, म्हणून धरून बसलोय. चार माणसांत म्हणजे तीन चालतील का, यावरही मी पुष्कळ विचार केला. पण तिच्या वतीनं मीच अर्थ लावायचा म्हणजे माझा माल मीच तपासून पास करण्यासारखं झालं.

आता जगन आठवला. कार्ड लावणाऱ्यानं काढायचं, नाहीतर त्याच्या वरिष्ठानं लेखी रद्द करायचं. थोरली बहीण म्हणून नीलाला वरिष्ठ अशा तुम्ही एकट्याच. लहानपणी तिला सायकलबंदी केलीत ती तुम्ही, आणि उठवलीत तीही तुम्हीच, हे ती नेहमी सांगायची. तेव्हा या पत्राखाली लाल पेनानं एक ओळ, सही आणि तारीख, एवढं टाकून सत्तावीसच्या आत पोचेल असं पाठवाल का? मशीनला काही झालेलं नाही, अक्का. नुसतं कार्ड लटकतंय.

आणखी ता. क. दाखला झाल्यावर त्या गुरुवारी हेमाताईंनी मला आणि परशुरामला पोह्यांना बोलावलं आहे. परशुरामनं लगेच आपल्याला काम आहे म्हणून सांगितलं (त्याला गेली आठ वर्षं काहीही काम नाही). हेमाताई बँकेत होत्या, यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला फक्त पोहे खायचे आहेत. निदान आत्ता तरी. पण तुम्हांला न सांगता खाल्ले तर ते घशाखाली उतरायचे नाहीत. तुम्हांला वाईट वाटत असेल तर स्पष्ट लिहा. मी मास्क काढीन आणि पोहे खाणार नाही. मात्र दोन्ही बाबतींतले हुकूम वेगवेगळ्या ओळींत द्यावेत, एकत्र केले की घोळ होतो.

शेवटचा ता. क. (पाकिटाच्या पाठीवर, पोस्टातून. बारीक लिहितोय, भिंग घ्या.) पाकीट चिकटवायला गेलो तर इथली गोंदाची बाटली खडखडीत वाळलेली. जिभेशिवाय इलाज नव्हता, आणि जीभ मास्कच्या आत. रांगेत माझ्यासकट नऊ माणसं होती, म्हणजे चारच्या दुपटीहून एक जास्त. नीलाची मनातल्या मनात माफी मागितली आणि मास्क हनुवटीवर ओढला. साडेचार वर्षांनी! कुणी बघितलंसुद्धा नाही. मागच्या बाई एवढंच म्हणाल्या, "काका, जरा पटापट." चिकटवून झाल्यावर लगेच वर केला, हुकूम अजून उठलेला नाही, मला जाणीव आहे. पण गालाला वारा लागला, अक्का. फार बरं वाटलं. आता घरी जाऊन आधी दाढी करतो. रोजच करत जाईन. तुमचं उत्तर कुठल्या दिवशी येईल, काय सांगावं?